एटीएमला ‘हो’ कुणी सांगितलं?

११ ऑगस्ट २०१८. दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतही त्या दुपारी शुकशुकाटच असणार. आणि नेमक्या त्याच वेळी जगातल्या २८ देशांमध्ये माणसं एटीएमसमोर उभी राहून याच बँकेच्या बनावट कार्डांनी पैसे काढत होती. काही तासांत परदेशातून जवळपास ७८ कोटी गेले, भारतातल्या एटीएममधून अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटींवर फटका.

ही बातमी तेव्हा सगळ्यांनी वाचली. तुमच्यापैकी बरेच जण त्या वेळी शाळेत असतील, पण घरात ‘आपले पैसे सेफ आहेत ना?’ ही चर्चा झालेली आठवत असेल. गंमत म्हणजे ग्राहकांचे पैसे खरंच सेफ होते. कुणाच्याही खात्यातून एक रुपया वजा झाला नाही. गेले ते बँकेचे. असं कसं काय? हा प्रश्न नीट सोडवला तर सायबर सिक्युरिटीचा अर्धा अभ्यासक्रम त्यात येतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आपण एटीएममध्ये कार्ड घालतो, पिन टाकतो, आकडा टाकतो. एटीएमला स्वतःला काहीच ठाऊक नसतं. ते विचारतं. हा प्रश्न नेटवर्कवरून बँकेच्या ‘एटीएम स्विच’कडे जातो. स्विच म्हणजे निरोप्या. तो बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतो, की पिन बरोबर आहे का, खात्यात शिल्लक आहे का, आणि आलेलं उत्तर माघारी पोचवतो. ‘हो’ आलं की नोटा बाहेर. कॉसमॉसच्या प्रकरणात हल्लेखोरांनी व्यवस्थेत शिरून मध्ये आपलाच एक खोटा स्विच बसवला. प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोचतच नव्हते. खोटा स्विच परस्पर ‘हो’ म्हणत होता.

सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो. पाहुणा आला की तो इंटरकॉमवर फ्लॅटमध्ये विचारतो, वरून ‘पाठवा’ म्हटलं की फाटक उघडतो. एके दिवशी तोच गणवेश घालून भलताच माणूस खुर्चीत बसतो आणि कुणालाही न विचारता ‘जा, जा’ म्हणत सुटतो. फ्लॅटवाल्यांना दिवसभर एकही फोन येत नाही. त्यांना वाटतं, आज कुणी आलंच नाही.

आता सांगा, यात ‘हॅकिंग’ कुठे आहे? काळ्या पडद्यावर धावणारी हिरवी अक्षरं कुठे आहेत? आत शिरणं अवघड होतंच, ते नाकारायचं कारण नाही. पण हल्ल्याचा गाभा अगदी साधा आहे: कोण कुणाला विचारतंय, कोण उत्तर देतंय, आणि उत्तर देणारा तोच आहे याची खात्री कुणी केली? नेटवर्किंग या विषयात दुसरं काही नसतंच.

गेल्या काही महिन्यांत मी मुद्दाम एका ‘एथिकल हॅकिंग’ क्लासच्या फुकट डेमो लेक्चरला जाऊन बसलो. हल्ली कॉलेजबाहेर असा क्लास नाही असं शहर सापडणं कठीण आहे. एसी हॉल, हुडी घातलेले सर, प्रोजेक्टरवर काली लिनक्स. सरांनी एक तयार टूल चालवलं आणि अर्ध्या मिनिटात समोरच्या मशीनचा ताबा घेतला. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “सर, पण त्या मशीनचा आयपी तुम्हाला कळला कसा?” सर हसले आणि म्हणाले, “ते पुढच्या मॉड्यूलमध्ये.” पुढच्या मॉड्यूलची फी पुढच्या स्लाइडवर होती.

सर चुकीचं काही बोलले असं नाही. पण त्या मुलीने विचारलेला प्रश्न हाच खरा विषय होता आणि टाळ्या मात्र दुसऱ्याच गोष्टीला पडल्या. टूल दोन वर्षांत बदलतं. आयपी पत्ता कसा मिळतो, पॅकेट कुठून कुठे जातं, कुठलं दार म्हणजे पोर्ट कशासाठी उघडं असतं, हे गेल्या चार दशकांत फारसं बदललेलं नाही. बीसीएस, बीसीए, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग या सगळ्यांच्या सिलॅबसमध्ये ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’ हा पेपर असतो. ओएसआयचे सात थर पाठ करायचे, पाच मार्कांची आकृती काढायची आणि सबमिशननंतर विसरून जायचं, अशी त्याची गत आहे. मग तोच मुलगा सुट्टीत पैसे भरून हॅकिंग शिकायला जातो आणि तिथे पुन्हा त्याच सात थरांपाशी अडखळतो.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही, याची दोन उदाहरणं देतो. दोन्ही सार्वजनिक नोंदीतली आहेत.

२३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयाचे सर्व्हर बंद पडले. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली होती. कित्येक दिवस एवढ्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नोंदणी, रिपोर्ट, सगळं कागदावर चाललं. ओपीडीबाहेरच्या रांगा कशा असतील याची कल्पना करा. नंतर सरकारने संसदेत कारण सांगितलं, ‘सर्ट-इन’च्या प्राथमिक तपासाचा हवाला देऊन: नेटवर्कचे विभाग नीट पाडलेले नव्हते.

दुसरं उदाहरण फेब्रुवारी २०१६ चं, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचं. हल्लेखोरांचा डाव जवळपास एक अब्ज डॉलरचा होता. पैसे पाठवण्याच्या एका सूचनेत ‘फाउंडेशन’ या शब्दाचं स्पेलिंग चुकलं, मधल्या बँकेला शंका आली आणि बरीचशी रक्कम वाचली. तरी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोचलेच. स्पेलिंगचा किस्सा सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो ढाक्याच्या तपास अधिकाऱ्याने सांगितलेला तपशील. बँकेत फायरवॉल नव्हती आणि स्विफ्टचे कॉम्प्युटर जोडायला वापरलेले नेटवर्क स्विच सेकंडहँड होते, दहा-दहा डॉलरचे. (हा स्विच वेगळा बरं का. कॉसमॉसमधला एटीएम स्विच म्हणजे सॉफ्टवेअर. हा म्हणजे केबल खुपसायचा डबा. एकाच शब्दाने दोन गोष्टी, आणि व्हायवामध्ये हमखास घोटाळा.) असे स्वस्त डबे विभाग पाडून देत नाहीत. एका कॉम्प्युटरवर कुणी पोचला की तो शेजारच्यापर्यंतही पोचतो.

विभाग पाडणं म्हणजे काय, हे पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यात गेलात तर लगेच कळेल. दिंडी दरवाजातून आत आलेला माणूस फार तर देवडीपर्यंत येतो. चौकात यायला दुसरं दार, माजघरात जायला तिसरं, आणि कोठीघराची किल्ली कुणा एकाच्याच कमरेला. नेटवर्कमध्ये यालाच सेगमेंटेशन म्हणतात आणि व्हीलॅन, सबनेट, फायरवॉलचे नियम ही त्याची दारं. ‘सबनेटिंग’ म्हणजे परीक्षेतला तो कंटाळवाणा हिशोब, आयपी पत्ता बायनरीत मांडून नेटवर्क आणि होस्ट वेगळे करायचा. तो हिशोब ज्याला खरोखर कळतो, त्याला एम्समध्ये काय चुकलं ते एका वाक्यात कळतं. ज्याने नुसता पाठ केला, त्याला ती फक्त बातमी वाटते.

पायाच कच्चा असण्यामागे इतिहासही आहे, आणि तो कुणी वर्गात सांगत नाही याची मला खंत वाटते. इंटरनेटचे मूळ नियम ज्यांनी लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, म्हणजे एकमेकांना ओळखणारी माणसं. म्हणून हे नियम भोळे आहेत. एआरपी हा १९८२ चा नियम घ्या. तुमचा फोन वायफायवर ओरडून विचारतो, “या आयपीचं मशीन कोणतं?” आणि जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवतो. कुणीही ‘मीच राउटर’ म्हणू शकतो. इंटरनेटवरचे मोठे रस्ते ठरवणारं बीजीपीही तसंच. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानला आपल्या देशात यूट्यूब बंद करायचं होतं. तिथल्या टेलिकॉम कंपनीने ‘यूट्यूबचा रस्ता इकडून आहे’ अशी घोषणा केली, ती चुकून देशाबाहेर गेली आणि जवळपास दोन तास जगभरातले यूट्यूबचे प्रेक्षक तिकडेच वळले. हल्ला कुणीच केला नव्हता. फक्त सांगितलं गेलं आणि ऐकलं गेलं.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र तर तुम्हाला आठवेलच. व्हॉट्सॲप, इन्स्टा, फेसबुक सगळं एकदम गप्प. अर्ध्या देशाने आपापला राउटर बंद-चालू केला. कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कवर देखभालीसाठी दिलेली एक आज्ञा चुकली, डेटा सेंटरमधले दुवे तुटले आणि त्यापाठोपाठ फेसबुकच्या डीएनएस सर्व्हरचे पत्ते जगाच्या नकाशावरून पुसले गेले. सर्व्हर चालू होते, फक्त ते कुठे आहेत हे कुणाला सापडेना. इंजिनीअरांना दुरुस्तीला आत जाणंही अवघड झालं, कारण त्यांची रोजची साधनंही त्याच नेटवर्कवर अवलंबून होती. सहा तास! कॉसमॉस एका बाजूला ठेवा आणि हे दुसऱ्या बाजूला. एका ठिकाणी चोरी, एका ठिकाणी निव्वळ चूक. पण दोन्ही समजून घ्यायला लागणारं ज्ञान एकच.

करिअरचं काय, हा प्रश्न आता येणारच. माझं मत थोडं रुक्ष आहे. बाजारात नव्या पोरांसाठी ‘हॅकर’ हवेत यापेक्षा ‘नोंदी वाचणारे’ हवेत, ही वस्तुस्थिती आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने निर्देश काढले, की सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा आणि सिस्टीमच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपून ठेवा. त्यानंतर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. आता कंपनीचा हिशोब मांडा. सहा तासांत कळवायचं तर आधी कळायला हवं. कळायला हवं तर कुणीतरी चोवीस तास नोंदी बघत बसायला हवं. हे काम जिथे चालतं त्याला सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर म्हणतात आणि फ्रेशरची पहिली खुर्ची बहुधा तिथेच असते. रात्रपाळी असते. शेकडो इशारे येतात, त्यातले बहुतेक फुसके. रात्री तीन वाजता अकाउंट्स विभागातला एक कॉम्प्युटर कुठल्या अनोळखी परदेशी पत्त्याशी पोर्ट ४४३ वरून दर पाच मिनिटांनी का बोलतोय, हा प्रश्न ज्याला पडतो तो पुढे जातो. ज्याला पोर्ट ४४३ म्हणजे काय तेच आठवत नाही, तो इशारा ‘क्लोज’ करतो.

असा प्रश्न पडण्याचं सर्वांत सुंदर उदाहरण मार्च २०२४ मधलं आहे. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनीअर, सिक्युरिटीवाला नव्हेच, डेटाबेसवर काम करणारा. त्याच्या लक्षात आलं की लिनक्स मशीनवर एसएसएचने लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसरा कुणी म्हणाला असता, जाऊ दे. त्याने खणत खणत शोधलं, तेव्हा ‘एक्सझेड’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनात कुणीतरी चोरदार बसवलं होतं. फार पसरायच्या आत ते पकडलं गेलं. त्याच्याकडे कुठलं जादूचं टूल नव्हतं. नेहमी किती वेळ लागतो, हे त्याला माहीत होतं.

मग शिकायचं कुठे? पैसे न भरता भरपूर शिकता येतं आणि मी तरी आधी तेच करा म्हणेन. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की ‘पॅकेट ट्रेसर’ फुकट मिळतं, त्यात राउटर-स्विच मांडून आख्खं ऑफिस उभारता येतं आणि मोडताही येतं. लिनक्सची कमांड लाइन शिकायला ‘ओव्हरदवायर’वरचा ‘बँडिट’ हा खेळ आहे, एकेक पातळी ओलांडत जायचं, चटक लागते. कार्नेगी मेलन विद्यापीठाचं ‘पिकोसीटीएफ’ खास विद्यार्थ्यांसाठी आहे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची नेटवर्कवरची लेक्चर्स आहेत. सर्टिफिकेट पुढे लागेल, नाही असं नाही. एचआरचा पहिला चाळणा त्यावर चालतो. पण पाया पक्का करून परीक्षा दिली तर एकदाच द्यावी लागते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची एक वेगळी अडचण असते, ती बोलायला हवी. शब्द इंग्रजी, त्यामुळे संकल्पनाच अवघड वाटते. हँडशेक, पोर्ट, गेटवे, प्रॉक्सी हे खरं तर अगदी घरगुती शब्द आहेत. टीसीपीचा हँडशेक म्हणजे फोनवरचं आपलं नेहमीचं: “हॅलो, ऐकू येतंय का?” “हो येतंय, माझं येतंय का?” “येतंय, बोल.” तीन वाक्यं, तीन पॅकेट. वहीत एकदा आपल्या भाषेत लिहून काढा, मुलाखतीत इंग्रजीत सांगणं आपोआप सोपं जातं.

मात्र सराव स्वतःच्याच मशीनवर आणि स्वतःच्याच नेटवर्कवर. होस्टेलच्या वायफायवर ‘बघू तरी’ म्हणून दुसऱ्याचं ट्रॅफिक ओढणं, कॉलेजच्या रिझल्टच्या पोर्टलवर टूल चालवून पाहणं, हे उत्सुकता म्हणून सुटत नाही. मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर किंवा नेटवर्कमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं, आणि बदहेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी तर एथिकल आहे’ हा बचाव नाही. एथिकल म्हणजे लेखी परवानगी असलेला.

आणि आता पुन्हा कॉसमॉसकडे, कारण त्या गोष्टीचा उत्तरार्ध फारसा कुणी सांगत नाही. हल्ला आखणारे कोण? उत्तर कोरियावर नजर ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात हा हल्ला त्या देशाशी जोडला. ते कुणी हाती लागले नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ज्या ११ जणांना दोषी ठरवलं, ते बनावट कार्डं वापरून भारतातल्या एटीएममधून पैसे काढण्याच्या साखळीतले होते. कोल्हापूरच्या एटीएममधूनही पैसे निघाले होते. म्हणजे ज्यांना तो खोटा स्विच काय आहे हेही कदाचित माहीत नव्हतं, ते कॅमेऱ्यात दिसले आणि तुरुंगात गेले.

ही साखळी आज कॉलेजच्या कँटीनपर्यंत आली आहे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली कुणा निवृत्त शिक्षकाला दिवसभर व्हिडिओ कॉलवर कोंडून उकळलेले पैसे कुठेतरी उतरवावे लागतात. त्यासाठी भाड्याची खाती लागतात. “तुझं खातं आणि सिम काही दिवस दे, पाच हजार देतो, काही होत नाही” असं सांगणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. सीनियर, रूममेटचा मित्र, टेलिग्रामवरच्या ग्रुपचा ॲडमिन. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणालीच उभी केली आहे. पोलिसांचा माग सगळ्यात आधी पोचतो तो या खात्यावरच्या नावापाशी. खातं आधीच देऊन बसला असाल तर आज बँकेत जा आणि ते थांबवा. घरात कुणाची फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तर परत मिळण्याची शक्यता असते.

बाकी, सुरुवात करायला क्लासच्या जाहिरातीची गरज नाही. आज घरी गेलात की लॅपटॉपवर आपला आयपी पत्ता बघा. बहुधा १९२.१६८ ने सुरू होईल. शेजारच्या घरातल्या लॅपटॉपवरही तसाच असेल, मग दोघांची पत्रं एकमेकांकडे का जात नाहीत, ते शोधा. मग ‘ट्रेसराउट’ ही कमांड चालवून तुमच्या कॉलेजच्या वेबसाइटपर्यंतचे टप्पे मोजा. आणि त्या ओघात ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडलंत आणि त्याचा पासवर्ड अजून ‘ॲडमिन’च निघाला, तर पुढचं सगळं राहू दे, आधी तो बदला.